पहिलं पोस्टर घेऊन विद्यापीठात जाताना

फार्मसीच्या परिसंवादात पहिल्यांदाच आपल्या संशोधनाचं पोस्टर लावणार असशील, तर आधी पत्रकातलं माप बघ. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, पण उभं की आडवं तेही बघून घे. पोस्टर ज्या स्लाइडवर बनवशील तिचं माप सुरुवातीलाच ठरव, शेवटी बदललंस तर आलेख ताणले जातात. फ्लेक्सवर दिव्याची तिरीप पडून अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मॅट कागदच घे. गुंडाळताना छापलेली बाजू बाहेर ठेव, म्हणजे बोर्डावर कडा वर उचलत नाहीत.

परीक्षक आधी आलेखाकडेच जातात. गोळीच्या ड्रग रिलीजचा, म्हणजे गोळीतून औषध किती वेळात किती सुटतं याचा आलेख असेल, तर खाली सगळं लिही: माध्यम (ज्या द्रवात गोळी विरघळवली तो) ९०० मिली, पीएच किती, ३७ ± ०.५ अंश सेल्सियस, ढवळायला पॅडल, ५० आरपीएम (मिनिटाला फेरे), सहा गोळ्या. जे तू खरोखर वापरलंस तेच. एरर बार, म्हणजे आकड्यांतला फरक दाखवणाऱ्या उभ्या रेघा, हव्यातच. दर वेळी ५ मिली नमुना काढून तेवढंच ताजं माध्यम घातलंस ना? मग काढलेल्या नमुन्यांतलं औषधही हिशेबात धर, नाहीतर रिलीज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. इथेच बहुतेक जण अडकतात.

गोळीतून औषध सुटण्याचा वेग ठरवणारा पॉलिमर वापरला असशील, तर ‘हाच पॉलिमर का?’ याचं उत्तर दोन वाक्यांत तयार ठेव. गाईडनं सांगितलं, हे उत्तर नव्हे.

परिसंवाद जळगावच्या विद्यापीठात असेल, तर ते शहराबाहेर, महामार्गावर आहे. धुळ्याकडून येताना ते शहराच्या अलीकडेच लागतं, तिथेच उतर. नंदुरबार-शहाद्याकडून असशील तर आदल्या रात्रीच मुक्कामाला ये. टाचण्या आणि दुहेरी टेप स्वतःची आण.