खिशात ठेवलेला फोनच हँग का होतो?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. माझा जुना अँड्रॉइड फोन उन्हाळ्यात फार तापत असल्यामुळे भाच्याने तो रूट करून (म्हणजे फोनच्या प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून) त्यात कस्टम कर्नल (प्रणालीचा बदललेला गाभा) टाकला आणि प्रोसेसरच्या कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचे याच्या तक्त्यातील सर्व ओळींमधून सरसकट 100 मिलिव्होल्ट कमी केले. मूळ तक्त्यात 300 मेगाहर्ट्‌झला 800 आणि 2265 मेगाहर्ट्‌झला 1200 मिलिव्होल्ट होते. आता तासभर गेम खेळला तरी फोन अडत नाही. मात्र हळदीचे सौदे चालू असताना नुसता खिशात ठेवलेला फोन हँग होतो आणि शेतकऱ्यांचे कॉल लागत नाहीत. असे का व्हावे?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोष बहुधा आपल्या पत्रातील ‘सरसकट’ या शब्दातच आहे. 1200 मधून 100 गेले म्हणजे बारावा हिस्सा गेला, पण 800 मधून तेवढेच गेले तर आठवा हिस्सा जातो. फोन खिशात असताना प्रोसेसर बहुतेक वेळ खालच्याच वेगावर असतो. त्या वेगाला गणित पुरे करण्यास वेळ भरपूर मिळतो हे खरे, परंतु व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की प्रोसेसरमधील स्मृतीच्या पेशींना साठवलेली माहितीच धरून ठेवता येत नाही, मग वेग कितीही कमी असो. ही मर्यादा एकाच मॉडेलच्या दोन फोनांतही सारखी नसते. त्यामुळे भाच्याने दुसऱ्या कोणाचे आकडे उतरवून घेतले असतील, तर ते आपल्या फोनला चालतीलच असे नाही.

शिवाय खालच्या वेगांच्या ओळींत बचत होण्यासारखे फारसे काही नसते. प्रोसेसरच्या कामात खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 1200 चे 1100 केल्यास वरच्या वेगाला सुमारे 16 टक्के बचत होते. 300 मेगाहर्ट्‌झला मुळात वीजच थोडी लागते. खालच्या ओळी मूळ आकड्यांवर न्याव्यात आणि केवळ वरच्या ओळी 25 मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी उतरवून प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस फोन नेहमीसारखा वापरून पाहावा.

माझे मत विचाराल, तर व्होल्टेजला हात न लावता कमाल वेगच 1728 मेगाहर्ट्‌झवर आणावा. वेग पाऊण होतो, त्याबरोबर तक्त्यातील कमी व्होल्टेजही आपोआप लागू होते आणि त्यात गणित चुकण्याचा धोका नाही. हिशेबाच्या ॲपला तेवढा वेग पुष्कळ आहे. (रूट केलेल्या फोनवर बँकेची काही ॲप चालत नाहीत, हे भाच्याने सांगितले असेलच.)

तरीही प्रयोग करायचाच असेल, तर फोटो आणि हिशेबाची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी, कारण कमी व्होल्टेजमुळे झालेली चूक फाइलमध्येही उतरू शकते. फोन सुरू होताच नवे आकडे लागू करणारी खूण मात्र ते पूर्ण पारखून होईपर्यंत करू नये. ती नसेल तर पॉवरचे बटण दाबून धरून फोन रीस्टार्ट केला की मूळ व्होल्टेज परत येते.