लेकरानं लॉग उडवला नाही, बरोबरच केलं

नमस्कार दादा,

पत्र वाचलं. तुम्ही लातूरच्या मोंढ्यात आडतीवर दिवाणजी, मुलगा बीसीए करून पुण्यात डेटाबेस सपोर्टला लागलाय, नाईट शिफ्ट असते, काय काम करतो विचारलं तर म्हणतो लॉग सांभाळतो. तुम्हाला ही साफसफाई वाटते म्हणून नोकरी सोड, एमपीएससी कर, नाहीतर दिवाळीला घरी येऊ नको असं त्याला सांगून बसलात, आणि आता मला विचारताय त्याला कसं समजवायचं.

ते दिवाळीचं वाक्य आधी मागं घ्या. रात्रभर जागून लेकरू सकाळी रूमवर येऊन आडवं होतं तोच तुमचा फोन, त्यात रोज आत्याच्या पोराचं कौतुक. मार्क आणि पगार यावर तुम्ही पानभर लिहिलंय, पण त्याला हे काम आवडतं का, याची एक ओळ नाही. ही काळजी नाही दादा, हा दबाव आहे, आणि यानं पोरं घरी खरं सांगायचं बंद करतात.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की एका रात्री सर्व्हरची डिस्क भरून काम ठप्प झालं, साहेब म्हणाले लॉगची फाइल उडव, हा नाही म्हणाला आणि पहाटेपर्यंत लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेऊन मगच सगळं चालू केलं. तुम्ही याला वरिष्ठांशी वाद म्हणता. मी याला अक्कल आणि हिंमत म्हणतो.

कारण लॉग म्हणजे कचरा, हाच मोठा गैरसमज आहे. तुमच्याकडं आधी रोजकीर्द लिहितात मग खतावणी, तसाच डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी ट्रान्झॅक्शन लॉगमध्ये लिहिला जातो, मग मूळ फाइलमध्ये जातो. मधेच लाईट गेली तर सर्व्हर चालू होताना हाच लॉग वाचून पक्के व्यवहार पूर्ण करतो आणि अर्धवट राहिलेले मागं घेतो. तो उडवला तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही, आणि दुपारी दोनला जसं होतं तसं परत आणून द्या म्हटलं तर तेही जमत नाही. कॉम्प्युटरवालेसुद्धा इथं चुकतात. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर, म्हणजे लॉगचा बॅकअप होईपर्यंत त्यातल्या नोंदी जपून ठेवायच्या पद्धतीवर, असेल तर रोज फुल बॅकअप घेतला तरी लॉग रिकामा होत नाही, लॉगचा वेगळा बॅकअप लागतो, नाहीतर फुगत फुगत डिस्क भरते आणि लॉग भरल्याची 9002 एरर येते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर लोक बिनकामाच्या नोंदी समजून या लॉगचा फोल्डरच डिलीट करायचे, शेवटी 2017 ला 10 व्या व्हर्जनमध्ये त्या फोल्डरचं पीजी-एक्सलॉग हे नाव बदलून पीजी-वॉल करावं लागलं.

एमपीएससी वाईट नाही, पण अभ्यासाला ज्यानं बसायचं त्यानंच ते ठरवावं.

मुलाला एवढं सांगा, नुसते बॅकअप घेऊन थांबू नको, ते रिस्टोर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून बघ. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन फुकट मिळते, लॅपटॉपवर टाकून मुद्दाम लॉग भरू दे आणि तो कशामुळं अडकलाय हे शोधून काढ, मग पोस्टग्रेसला हात घाल. नाईट शिफ्ट मात्र कायमची नको, तब्येत जाते, हात बसला की दिवसाचं काम मागायचं.

आणि पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या, त्याला काय करायचंय ते मला त्याच्याकडूनच ऐकायचंय.