सिंध 1937: सर्वांत मोठा पक्ष सत्तेबाहेर

सिंध प्रांताच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीवर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतो.

सिंध मुंबई इलाख्यातून कधी वेगळा झाला? (पुणे)

1847 पासून सिंधचा कारभार मुंबईहून चाले. वेगळ्या प्रांताची मागणी मुख्यतः मुस्लिम नेत्यांनी लावून धरली. तिथल्या बऱ्याच हिंदूंना मुंबई सोडायची नव्हती. अखेर 1935 च्या कायद्याने मार्ग मोकळा झाला आणि 1 एप्रिल 1936 ला नवा प्रांत झाला. राजधानी कराची.

मतदान कोणाला करता आले? (सोलापूर)

कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणाऱ्यांनाच. वडेऱ्याची, म्हणजे मोठ्या जमीनदाराची, जमीन बटाईने कसणाऱ्या बहुतेक हारींना मत नव्हते. एकूण जागा 60: मुस्लिम 33, सर्वसाधारण 18, उरलेल्या 9 स्त्रिया, युरोपीय, व्यापारी, जमीनदार आणि कामगारांत वाटलेल्या.

आमचे आजोबा सांगत, लारकान्यात भुट्टो पडले आणि सगळे फिरले. खरे का? (उल्हासनगर)

आजोबांचे बरोबर आहे. सर शाहनवाज भुट्टो, म्हणजे झुल्फिकार अलींचे वडील, सिंध युनायटेड पार्टीचे बडे नेते. लारकाना तर घरचेच मैदान. तिथे शेख अब्दुल मजीद सिंधी यांनी त्यांना पाडले. पक्षाचे दुसरे नेते, कराचीचे हाजी अब्दुल्ला हारून, तेही पडले. पक्षाला मात्र वीसेक जागा मिळाल्या, इतर कोणाहीपेक्षा जास्त. वरात आली, पण नवरदेवच नाही!

गव्हर्नर सर लॅन्सेलॉट ग्रॅहम यांनी सर गुलाम हुसेन हिदायतुल्लांना बोलावले. त्यांच्या पक्षाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण मुंबई सरकारात मंत्रिपद भोगलेला हा मुरलेला गडी. कोणाला काय हवे ते त्याला पक्के ठाऊक. युनायटेड पार्टीतली माणसे फुटली, हिंदू सदस्यांचा पाठिंबा मिळाला आणि तिघांचे मंत्रिमंडळ झाले: स्वतः हिदायतुल्ला, मीर बंदेअली तालपूर आणि मुखी गोबिंदराम.

सगळे खापर गव्हर्नरवर फोडणे मला पटत नाही. त्याचा कल होताच, पण मते पडली होती ती पीर (मुस्लिम धर्मगुरू), मीर (तालपुरांसारखे सरदार) आणि जमीनदारांच्या वजनावर. पक्षाची पाटी वरवरची. असा आमदार फोडायला फार खटपट लागत नाही.

मग ते सरकार टिकले का? (नाशिक)

वर्षभरच. मार्च 1938 मध्ये अर्थसंकल्पावरच्या कपात सूचनेवर ते हरले आणि अल्लाबक्ष सूमरो प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले.

या विधानसभेशी मराठी माणसाचा काही संबंध? (ठाणे)

निवडणुकीशी नाही, इमारतीशी आहे. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल आहे. हे वैद्य एकोणिसाव्या शतकात सिंधमध्ये शिक्षणखात्याचे अधिकारी होते. फाळणीनंतर विधानसभेची वास्तू पाकिस्तानच्या संविधान सभेने घेतली, तेव्हा सिंधचे आमदार काही काळ याच शाळेत बसत.