टॅरोचा सूर्य आणि आपलं पंचांग: वाचकांचे प्रश्न

टॅरो म्हणजे भाकितासाठी वापरतात ते ७८ चित्रपत्ते: २२ मोठे आणि चार रंगांचे ५६ लहान. टॅरोची चित्रं, राशी आणि तत्त्वं यांचा मेळ कसा लावायचा, याबद्दल कोल्हापूरच्या वाचकांकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट-स्मिथ संचाला धरून आहेत. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आज दुकानात मिळणारे बरेचसे संच याच चित्रांवर बेतलेले असतात.

माझी रास वृश्चिक. जन्म ५ एप्रिलचा. टॅरोच्या पुस्तकात मात्र माझं कार्ड मेषेचं 'एम्परर' दिलंय. पत्रिकेत रवी मीनेत आहे. खरं काय धरायचं? (शिवाजी पेठ)

तुमच्या प्रश्नात तीन राशी आल्या आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. आपण 'रास' म्हणतो ती चंद्राची. टॅरोची पुस्तकं बोलतात ती सूर्याची. शिवाय तो सूर्य सायन पद्धतीचा (ऋतूंवरून मोजलेला), तर आपलं पंचांग निरयन (ताऱ्यांवरून मोजलेलं). दोहोंत सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. ५ एप्रिलला सायन रवी मेषेच्या १५ अंशांच्या आसपास असतो. त्यातून २४ वजा केले की तो मागे मीनेच्या २१ अंशांवर जातो. पत्रिकेतली मीन आली ती इथून.

हा फरक कोल्हापूरकरांना अंबाबाईच्या किरणोत्सवावरून चटकन कळेल. मावळतीची किरणं ९ ते ११ नोव्हेंबरला देवळात आत मूर्तीपर्यंत येतात आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. २१-२२ डिसेंबर हा दक्षिणायनाचा शेवट. त्याच्या साधारण ४२ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर सूर्य क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो, म्हणून तारखांची ही जोडी. सायन राशी मोजतात त्या सूर्याच्या याच उत्तर-दक्षिण सरकण्यावर. सायन मकर २१-२२ डिसेंबरलाच लागते, आपली मकर संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते.

तेव्हा टॅरोपुरता सायन रवी धरा. तुमचं कार्ड एम्परर, आणि लहान पत्त्यांत 'थ्री ऑफ वाँड्स'. पत्रिका पाहताना पत्रिकेचंच गणित ठेवा. मीनेचं 'मून' आणि मेषेचं 'एम्परर' दोन्ही आपलीच म्हणून एका मांडणीत वाचायला घेतलीत, तर दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी एकच कापड मोजल्यासारखं होईल.

'थ्री ऑफ वाँड्स'च का? आमच्या द्रेष्काणांशी (राशीच्या दहा-दहा अंशांच्या तीन भागांशी) हा हिशेब जुळत नाही. (राजारामपुरी)

जुळणार नाही, आणि ज्योतिष शिकलेली माणसं नेमकी इथेच अडतात.

दुरीपासून दश्शीपर्यंतचे, चार रंगांचे मिळून ३६ पत्ते होतात. राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे तुकडेही ३६. एका तुकड्याला एक पत्ता. आता आपलीच परिभाषा वापरा: चर राशींना (मेष, कर्क, तूळ, मकर) २, ३, ४, स्थिर राशींना (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) ५, ६, ७, द्विस्वभाव राशींना (मिथुन, कन्या, धनू, मीन) ८, ९, १०. रंग ठरतो राशीच्या तत्त्वावरून. अग्नी म्हणजे वाँड्स, जल म्हणजे कप्स, वायू म्हणजे सोर्ड्स, पृथ्वी म्हणजे पेंटॅकल्स. मेष चर आणि अग्नी, म्हणून वाँड्सचे २, ३, ४. पंधरावा अंश मधल्या तुकड्यात येतो, म्हणून तिरी. एवढं कळलं की ३६ पत्ते पाठ करावे लागत नाहीत.

घोळ होतो तो स्वामी ठरवताना. आपल्या द्रेष्काणात राशीचा स्वामी, मग पाचव्या राशीचा, मग नवव्या राशीचा. मेषेला मंगळ, रवी, गुरू. टॅरोत मेषेला मंगळ, रवी, शुक्र. पहिले दोन जुळल्यामुळे माणूस निर्धास्त होतो आणि वृषभेपासून सगळं चुकत जातं. आपल्याकडे वृषभेला शुक्र, बुध, शनी. टॅरोत बुध, चंद्र, शनी.

टॅरोचा क्रम म्हणजे पंचांगातल्या होऱ्यांचा, म्हणजे दिवसाच्या तासांच्या स्वामींचा, क्रम: मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, आणि पुन्हा मंगळ. मेषेच्या पहिल्या तुकड्यापासून तो ओळीने फिरवत जा. सातांची पाच आवर्तनं म्हणजे ३५, उरला एक. म्हणून मीनेचा शेवटचा तुकडाही मंगळाकडे येतो आणि लगेच पुढचा मेषेचा पहिलाही. तुमच्या कागदावर मीन संपताना मंगळ आला नाही, तर मध्ये कुठेतरी एक ग्रह गळलाय. मागे जाऊन शोधा.

जाता जाता: किरणोत्सवाचे नोव्हेंबरमधले दिवस वृश्चिकेच्या मधल्या तुकड्यात येतात, म्हणजे 'सिक्स ऑफ कप्स', आणि त्याचा स्वामी रवी. फेब्रुवारीकडचे दिवस कुंभेच्या मधल्या तुकड्यात, 'सिक्स ऑफ सोर्ड्स'. दोन्ही छक्क्या. योगायोग गमतीचा आहे, त्यावर भाकीत उभं करू नका.

आपली महाभूतं पाच. टॅरोत चारच. आकाश कुठे गेलं? (गंगावेस)

टॅरोतली तत्त्वं ग्रीकांकडून आली. ती उष्ण-शीत आणि कोरडं-ओलं या दोन जोड्यांवर उभी आहेत. अग्नी उष्ण व कोरडा, वायू उष्ण व ओला, जल शीत व ओलं, पृथ्वी शीत व कोरडी. दोन गुणांच्या दोन जोड्यांतून चारच घरं निघतात. काही जण २२ मोठ्या पत्त्यांना पाचवं तत्त्व मानतात. सोय म्हणून चालेल, पण त्याला आपलं आकाश म्हणणं ओढूनताणून होतं.

या गुणांचा खरा उपयोग पुढच्या उत्तरात आहे.

तीन पत्ते मांडल्यावर तत्त्वांवरून नेमकं काय वाचायचं? (शाहूपुरी)

मधला पत्ता विषय. कडेचे दोन त्याला जोर देतात किंवा त्याचा जोर काढून घेतात. अग्नी-जल आणि वायू-पृथ्वी या जोड्यांत एकही गुण सारखा नाही, म्हणून ते शत्रू. अग्नी-वायू आणि जल-पृथ्वी मित्र. अग्नी-पृथ्वी आणि वायू-जल यांचं जेमतेम जमतं. तत्त्व एकच असेल तर जोर वाढतो, चांगल्याचाही आणि वाइटाचाही.

समजा, नव्या दुकानाचा प्रश्न आहे. डावीकडे 'एट ऑफ पेंटॅकल्स', मध्ये 'थ्री ऑफ वाँड्स', उजवीकडे 'फाइव्ह ऑफ कप्स'. मधला अग्नी. डावीकडची पृथ्वी त्याला फार मदत करत नाही, उजवीकडचं जल त्याला विझवतं. त्यात कडेचे दोघे एकमेकांचे मित्र, त्यामुळे मधला एकटा पडतो. वाचायचं असं: बेत मोठा आहे, पण रोजचं काम आणि मागच्या नुकसानीची रुखरुख मिळून त्याला खाली ओढतायत. फाइव्हच्या जागी 'सिक्स ऑफ सोर्ड्स' आला असता तर वाऱ्याने आग धरली असती.

चुका बहुधा दोन होतात. पहिली, उलटा पत्ताही वाचायचा आणि तत्त्ववैरही धरायचं. मग एकच अडचण दोनदा मोजली जाते. तत्त्वं पाहायची तर सगळे पत्ते सुलटे ठेवा. दुसरी चूक मोठ्या पत्त्यांची. राशीचा पत्ता असेल तर प्रश्न नाही, एम्परर म्हणजे मेष म्हणजे अग्नी. ग्रहाच्या पत्त्यांवर मात्र एकमत नाही. 'एम्प्रेस' शुक्राची, कुणी तिला पृथ्वी धरतं, कुणी जल. एक पक्ष ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मांडणी पाहून तो बदलू नका.

चित्रातच रास दिसते का? (ताराबाई पार्क)

पुष्कळदा दिसते, आधी सिंहासनं बघा. एम्पररच्या सिंहासनावर मेंढ्याची डोकी आहेत. 'किंग ऑफ पेंटॅकल्स'च्या आसनावर बैल, राणीच्या आसनावर बोकड. सोर्ड्सच्या राजाराणीजवळ फुलपाखरं, वाँड्सच्या राजाजवळ सॅलमँडर, म्हणजे आगीत राहतो असं मानलेला सरड्यासारखा प्राणी. 'वर्ल्ड'च्या चार कोपऱ्यांत माणूस, गरुड, बैल आणि सिंह: कुंभ, वृश्चिक, वृषभ, सिंह, चारही स्थिर राशी. वृश्चिकेला विंचवाऐवजी गरुड आहे, तिथे गोंधळू नका. 'डेथ' वृश्चिकेचाच पत्ता, पण त्यात विंचू शोधून सापडणार नाही.

माझ्या एका संचात 'स्ट्रेंग्थ' आठवा, दुसऱ्यात अकरावा. छपाईची चूक? (उचगाव)

चूक नाही. जुन्या फ्रेंच मार्सेय संचात 'जस्टिस' ८ आणि 'स्ट्रेंग्थ' ११. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या इंग्लंडमधल्या गोल्डन डॉन मंडळींनी पत्त्यांवर राशी बसवल्या, तेव्हा 'स्ट्रेंग्थ'वरचा सिंहेचा सिंह 'जस्टिस'वरच्या तुळेच्या तराजूनंतर येऊ लागला. म्हणून त्या दोघांची अदलाबदल झाली. ज्या संचात स्ट्रेंग्थ ८ आहे, त्यात राशी ओळीने लागतात.

पावसाळ्यात पत्ते चिकटतात आणि वाकतात. उपाय? (रंकाळा परिसर)

झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. वाकलेले पत्ते रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. उन्हात ठेवू नका, इस्त्री तर नकोच, वरचा थर सुटतो. टाल्कम पावडर दमट हवेत गोळा होते. आणि पूजेत ठेवलेल्या संचाला हळद-कुंकू लावू नका. एका पत्त्याच्या पाठीवर पिवळा ठिपका पडला की पिसताना बोटांना तोच पत्ता ओळखू येतो, मग नकळत हात तिकडेच जातो. तसा डाग पडलाच असेल तर तो संच अभ्यासाला ठेवा, मांडणीला दुसरा घ्या.