हेडर एका व्हर्जनचं, लायब्ररी भलत्याच व्हर्जनची: एचडीएफ५ च्या एररबद्दल

बिल्ड केलेला प्रोग्राम एचडीएफ५ च्या व्हर्जन एररने बंद पडतो ही तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण हा त्रास मी स्वतः भोगलाय. सोर्सवरून बिल्ड केलं, कॉन्फिगर आणि मेक दोन्ही विनातक्रार पार पडले, आणि प्रोग्राम सुरू करताच एचडीएफ५ (आकड्यांचा मोठा डेटा फाइलमध्ये साठवणारी लायब्ररी) म्हणते हेडर्स (कंपाइल करताना लागणाऱ्या तिच्या घोषणांच्या फाइल्स) १.१०.४ चे आहेत, लायब्ररी १.१०.५ ची आहे, आणि प्रोग्राम तिथेच बंद. पोस्टखाली एकांनी सल्ला दिलाय की व्हर्जन तपासणी बंद करणारं व्हेरिएबल २ करा, मेसेज येणार नाही. मेसेज येणार नाही हे खरंय, पण कृपया हे करू नका. तोच मेसेज नीट पूर्ण वाचा, त्यात स्पष्ट लिहिलंय की असंच पुढे चालू ठेवलं तर डेटा करप्ट होऊ शकतो. क्रॅश झालेला परवडला, निदान कळतं तरी.

डेव्ह पॅकेजं (हेडर असलेली), कंपायलर वगैरे तुम्ही टाकलं असणारच, त्यात जात नाही.

मुद्दा असा की लायब्ररी "सापडणं" ही एक गोष्ट नाहीये. कंपाइल करताना हेडर शोधलं जातं, लिंक करताना लायब्ररी शोधली जाते, आणि प्रोग्राम चालू होताना डायनॅमिक लोडर परत पहिल्यापासून लायब्ररी शोधतो. तिन्ही शोध वेगवेगळ्या वाटांनी होतात आणि आधीच्यांना काय मिळालं होतं याच्याशी लोडरला काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त लायब्ररीचं सोनेम (लायब्ररीच्या फाइलमध्येच लिहिलेलं तिचं नाव) जुळलं की पुरतं. १.१०.४ आणि १.१०.५ दोन्हींचं सोनेम एकच आहे, त्यामुळे लोडर समोर येईल ती बिनदिक्कत उचलतो. एचडीएफ५ स्वतः तपासते म्हणून निदान पकडलं तरी जातं, बऱ्याच लायब्रऱ्या एवढंही करत नाहीत.

आता माझं काय झालं ते. आमच्या कामाच्या ठिकाणी सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर होता, रूट (सर्व्हरचे सगळे अधिकार) अर्थातच कॉम्प्युटर विभागाकडे. मी सगळं माझ्या होम डिरेक्टरीत प्रीफिक्स देऊन बांधलं होतं, लायब्ररीचा पाथ बायनरीत रनपाथ म्हणून टाकलेला, तरी चालवताना लायब्ररी भलतीकडचीच यायची. विभागाला तिकीट टाकलं. उत्तर आलं, आमच्याकडे व्यवस्थित चालतंय, तिकीट बंद. परत टाकलं, परत तेच. कोणीही माझ्या अकाउंटवरून चालवून बघायला तयार नाही, एक एलडीडी (कोणती लायब्ररी कुठून येते ते दाखवणारी कमांड) चालवून त्याचं आउटपुट बघा म्हटलं तर "हे सॉफ्टवेअर आम्ही सपोर्ट करत नाही". यात माझा इतका वेळ गेला की अजून आठवलं तरी संताप येतो.

शेवटी एलडी डीबग हे व्हेरिएबल लिब्ज असं सेट करून प्रोग्राम चालवला, तेव्हा लोडर कुठे कुठे शोधतोय ते ओळीने दिसलं, आणि सगळ्यात आधी तो एका विकतच्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये जात होता. त्या पॅकेजसाठी विभागानेच सगळ्यांच्या लॉगिन फाइलमध्ये एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते लोडरला सांगणारं व्हेरिएबल) सेट करून ठेवला होता! आणि हा पाथ रनपाथच्या आधी बघितला जातो, म्हणून मी बायनरीत टाकलेल्याचा काही उपयोग होत नव्हता. त्यांच्याकडे का चालत होतं? कारण ते सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावून चालवायचे, आणि सुडोतून जाताना सुरक्षेसाठी हे व्हेरिएबल काढून टाकलं जातं. एवढीच गोष्ट, पण बघायला कोणाला वेळ नव्हता. माझं ठाम मत आहे की एका पॅकेजला हा पाथ लागत असेल तर तो त्या पॅकेजच्या सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये टाकावा, सगळ्यांच्या लॉगिनमध्ये कधीही टाकू नये.

तेव्हा आधी एलडीडी चालवा आणि एचडीएफ५ ची ओळ कोणत्या फोल्डरकडे बोट दाखवतेय ते बघा. मग एलडी लायब्ररी पाथ अनसेट करून परत चालवा. ओळ बदलली तर चोर सापडला. तुमच्याही हातात रूट नसेल आणि ते व्हेरिएबल काढता येत नसेल तर लिंकरला डिसेबल न्यू डीटॅग्ज हा पर्याय देऊन परत लिंक करा, म्हणजे रनपाथऐवजी जुना आरपाथ बसतो आणि तो एलडी लायब्ररी पाथच्याही आधी बघितला जातो. काही लोकांना हे आवडत नाही, जुनाट म्हणतात, पण अशा सर्व्हरवर मला तरी दुसरा धड उपाय दिसत नाही.

ओळ बदलली नाही तर कॉन्डाचं (पॅकेजं वेगळ्या कप्प्यात टाकणारं साधन) एन्व्हायर्नमेंट चालू ठेवून बिल्ड केलंय का ते आठवा. त्यात स्वतःची एचडीएफ५ असू शकते, पाथमध्ये ती पुढे येते आणि हेडर तिथून उचललं जातं. ते डीॲक्टिव्हेट करा आणि बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सुरू करा, नुसतं मेक क्लीन पुरत नाही, सीमेक (बिल्डची तयारी करणारं साधन) असेल तर सापडलेले जुने पाथ त्याच्या कॅशमध्ये तसेच राहतात. ऑटोटूल्सवालं (कॉन्फिगर स्क्रिप्टचं) असेल तर कॉन्फिग लॉग उघडून बघा, स्क्रीनवर नुसतं "येस" दिसतं, पण प्रत्येक चाचणीला नेमकी कोणती कमांड चालवली ते तिथेच कळतं.

हे सगळं लिनक्सचं सांगतोय, मॅकवर लोडरच वेगळा आहे, तिथे हे जसंच्या तसं लागू होणार नाही. आणि मी काही पॅकेजिंगमधला तज्ज्ञ नाही, कोणाला चूक दिसली तर जरूर दुरुस्त करा.

अजून एक, हे महत्त्वाचं आहे. व्हर्जन तपासणी बंद करणाऱ्या व्हेरिएबलचा तो सल्ला तुम्ही आधीच वापरून बघितला असेल आणि त्यातून काही फाइल्स तयार झाल्या असतील तर त्या वेगळ्या काढा आणि बिल्ड नीट झाल्यावर मूळ इनपुटवरून पुन्हा बनवा. त्या उघडतात म्हणजे आतले आकडे बरोबर आहेत असं धरू नका.