एकूण टन किती?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कंपनीच्या पर्यावरण अहवालासाठी तुझ्याकडे आलेल्या तक्त्यात कार्बन उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे मालाच्या किंवा कमाईच्या एककामागचं उत्सर्जन, घटलेली दिसते, आणि त्याच तक्त्यातल्या टनांची बेरीज केली तर उत्सर्जन वाढलेलं निघतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, तरी झोप का लागत नाही, असं विचारतेस. तू बेरीज केलीस म्हणून लागत नाही. या विषयाची कळकळ तुला आहे की नाही, हे मी तुला विचारणार नाही. सरळ सांगतो: एकूण टन आधी लिही.

तुझ्या कंपनीचं नाव इथे नको. लुलुलेमनचं प्रकरण जगजाहीर आहे, ते घे. कंपनी कॅनडातल्या व्हँकुव्हरची, योगा-व्यायामाचे कपडे विकणारी. स्वतःची दुकानं आणि कार्यालयं यांसाठी १०० टक्के अक्षय्य वीज घेतो, हे तिने २०२१ मध्ये गाठल्याचं जाहीर केलं. पुरवठा साखळीसाठी मात्र ध्येय वेगळ्या मापाचं: २०१८ च्या तुलनेत २०३० पर्यंत ६० टक्के घट, तीही मूल्यवर्धनाच्या एककामागे, म्हणजे ढोबळमानाने नफ्याच्या प्रत्येक डॉलरमागे. आता कागद-पेन घे. धंदा दुप्पट झाला आणि डॉलरमागचं उत्सर्जन ३० टक्क्यांनी उतरलं, तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी चढतं. नुसती लेगिंगची किंमत वाढवून नफा वाढवला तरी तीव्रता खाली येते, आणि चिमणीतून जाणारा धूर तेवढाच राहतो. २०२० पासून उत्सर्जन दुपटीवर गेलं आणि जाहिराती पृथ्वीच्या काळजीच्या चालू आहेत, अशी तक्रार स्टँड.अर्थ या पर्यावरणवादी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने त्याच वर्षी चौकशी सुरू केली. टन मोजणारे लोक बाहेरही आहेत, हे तुझ्या साहेबांना सांग.

‘तीव्रतेच्या ध्येयाला एसबीटीआयची मान्यता आहे’ हे मला पुन्हा लिहून पाठवू नकोस. एसबीटीआय म्हणजे कंपन्यांची उत्सर्जन-ध्येयं तपासणारी संस्था. मान्यता आहे, मला ठाऊक आहे. पण हवेत टन साठतात. एकूण टन आधी.

एकूण आकडा मांडायचं धाडस प्यूमाने फार पूर्वी केलं होतं. योखेन झाइट्झ यांच्या पुढाकाराने, २०११ मध्ये, कंपनीने २०१० सालच्या आपल्या पर्यावरणीय नुकसानीचा हिशोब पैशांत मांडला: १४ कोटी ५० लाख युरो. त्यातले स्वतःच्या कामकाजाचे फक्त ८० लाख. उरलेलं सगळं पुरवठादारांकडे, पार कच्च्या मालापर्यंत. म्हणून कार्यालयाच्या छतावरच्या सोलरचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर बघितला की माझं डोकं फिरतं. बाई गं, कार्बन तिथे नाहीच!

तो कुठे आहे ते मी आयुष्यभर बघितलंय. पॉलिएस्टरचं कापड जेट मशीनमध्ये १३० अंशांवर, दाबाखाली रंगतं. ती वाफ बॉयलरची. मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या मशीनवर, १८० अंशांच्या वर कापड सेट होतं, ती उष्णता थर्मोपॅकची, म्हणजे तेल तापवणाऱ्या भट्टीची. दोन्हींत कोळसा. धागा जुन्या बाटल्यांपासून केलेला असला तरी रंगवताना १३० अंश लागतातच. ब्रँडच्या टी-शर्टवर ‘रिसायकल्ड’ लिहिलेलं असतं, त्याच लॉटसाठी मागच्या अंगणात कोळशाची गाडी रिकामी होत असते.

सुरतेकडच्या एका प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, एनर्जी ऑडिट माझ्याकडे होतं. परदेशी गिऱ्हाइकाला ‘किलो कापडामागे कोळसा’ एवढाच आकडा हवा होता, आणि तो खरोखर सुधारला होता. मी वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या, वर्षभराच्या गाड्या मांडल्या आणि एकूण कोळशाचं पान जोडलं. ते पान काढा म्हणाले. मी काढलं नाही. काम गेलं, त्या ओळखीतून येणारी पुढची कामंही गेली. ‘आत राहिला असतात तर काही तरी बदलता आलं असतं,’ असं मला जवळच्या माणसांनी ऐकवलं. खंत आहे ती एवढीच की तिथले गळके स्टीम ट्रॅप, म्हणजे पाणी सोडून वाफ अडवणारे व्हॉल्व्ह, बदलून घ्यायचे राहिले. ते बदलले असते तर रोजची वाफ वाचली असती, आणि ती कोण वाचवतंय याची मला पर्वा नव्हती. पण ते पान मी आजही काढणार नाही. कापड किलोने वाढलं, कोळसा टनाने वाढला, आणि गिऱ्हाइकाच्या अहवालात ‘सुधारणा’ छापून आली असती, खाली माझ्या सहीसकट. तशी सही मी केली नाही, यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तू नोकरी सोडू नकोस. घराचा हप्ता आहे, मला कळतं. तीव्रतेचा तक्ता काढायलाही मी सांगत नाही. बॉयलर सुधारला का हे त्यातूनच कळतं. त्याच्या वर, त्याच आकाराच्या अक्षरांत, एकूण टनांची ओळ टाक: आधारवर्ष (ज्याच्याशी तुलना करायची ते), मागचं वर्ष, हे वर्ष. कुणी खोडली तर खोडायला लेखी सांगा म्हण. आणि रंगाईच्या पुरवठादारांसाठी सरासरी गुणक, म्हणजे किलोमागे इतकं उत्सर्जन असा ठोकताळा, घेऊन गप्प बसू नकोस, कोळशाच्या पावत्या माग. पहिल्यांदा देणार नाहीत. पुन्हा माग.

मसुदा रविवारपर्यंत पाठव, रात्री बसून वाचतो. आधारवर्षाची टनांची ओळ त्यात नसली तर पुढचं पान मी उघडणार नाही.

तुझा,
काका