प्रकाशाला तापमान असते का?

प्रश्न : तापमान म्हणजे अणुरेणूंच्या हालचालीचे मोजमाप, असे आम्ही शाळेत शिकलो. प्रकाशात तर अणू नसतात. मग सूर्यप्रकाशाचे तापमान सुमारे 5,800 केल्विन असते, याचा अर्थ काय? प्रकाशाला एन्ट्रॉपीही (ऊर्जा किती विखुरलेली आहे याचे माप) असते, हे खरे आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शाळेतले वर्णन वायूला चपखल लागू पडते, पण तापमानाची कल्पना त्याहून व्यापक आहे : ज्यांच्यात उष्णतेची निव्वळ देवघेव होत नाही, त्यांचे तापमान समान. सर्व बाजूंनी सारख्या तापलेल्या बंद भट्टीच्या भिंती जितके प्रारण (प्रकाश आणि उष्णतेच्या लहरी) बाहेर टाकतात तितकेच शोषून घेतात, म्हणून आतल्या प्रारणाचे तापमान भिंतींइतकेच मानावे लागते. अशा प्रारणाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या तरंगलांबीला किती ऊर्जा हे प्रमाण, भिंत कशाची आहे यावर अवलंबून नसून केवळ तापमानावर अवलंबून असतो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी दाखवले. त्याचे अचूक सूत्र प्लांक यांना 1900 मध्ये सापडले, तेही एन्ट्रॉपीचा धागा धरूनच. पुढे 1924 मध्ये, ढाक्याला शिकवत असताना, सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, उपलब्ध अवस्थांमध्ये (दिशा, तरंगलांबी इत्यादींच्या शक्यतांमध्ये) किती प्रकारे वाटले जाऊ शकतात हे मोजून तेच सूत्र मिळवले. हे प्रकार जितके अधिक, तितकी प्रारणाची एन्ट्रॉपी अधिक.

आता सूर्यप्रकाशाकडे वळू. पृथ्वीपर्यंत येताना ऊर्जा विरळ होते, हे खरे. पण सूर्याचे बिंबही तितकेच लहान दिसू लागते, त्यामुळे बिंबाच्या दिशेने पाहिल्यास प्रत्येक किरणाची प्रखरता सूर्याच्या पृष्ठभागापाशी असते तेवढीच राहते. प्रारणाचे तापमान या प्रखरतेवरून ठरते, म्हणूनच त्या किरणांचे तापमान वाटेत उतरत नाही. भिंगाने ऊन एकवटले की कागद पेटतो तो यामुळेच. मात्र भिंग कितीही मोठे घेतले तरी किरण एकवटतात त्या बिंदूशी सूर्यपृष्ठापेक्षा अधिक तापमान मिळणार नाही.

तेच ऊन पांढऱ्या कागदावर पडून सर्व दिशांना विखुरले, की ऊर्जा जवळपास तेवढीच राहूनही प्रत्येक दिशेच्या वाट्याला येणारी प्रखरता खूप घटते आणि तापमान कोसळते. प्लांक यांच्या सूत्राने हिशेब केला, तर परावर्तित प्रकाशातील 500 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट भागाचे तापमान सुमारे 1,800 केल्विन आणि 700 नॅनोमीटरच्या लाल भागाचे सुमारे 1,440 केल्विन येते. म्हणजे या प्रकाशाला एकच एक असे तापमान उरतच नाही. प्रत्येक तरंगलांबीला आपापले तापमान असते. विखुरताना एन्ट्रॉपी वाढलेली असते आणि ती वाढ कोणतेही भिंग परत घेऊ शकत नाही. ढगाळ दिवशी उजेड भरपूर असूनही भिंगाने कागद पेटत नाही, त्याचे कारण हेच. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

लेसरचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. त्याची ऊर्जा अगदी थोड्या अवस्थांत कोंबलेली असल्यामुळे साध्या लेसर पॉइंटरच्या किरणाचे तापमानही याच हिशेबाने कोट्यवधी केल्विन भरते आणि ऊर्जेच्या मानाने त्याची एन्ट्रॉपी नगण्य असते. तरीही तो हातावर पडला तर चटका बसत नाही, कारण एकूण ऊर्जा फारच थोडी असते. नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ आकाशातील स्रोतांची प्रखरता केल्विनमध्ये सांगतात, तेव्हा त्यांनाही अनेकदा स्रोत खरोखर तितका तापलेला आहे असे म्हणायचे नसते. त्या कंप्रतेला (लहरींच्या वारंवारितेला) तेवढी प्रखरता देणाऱ्या आदर्श भट्टीचे तापमान ते सांगत असतात.